पितळी मानेचं बाळ

इंगवल्यांच्या नव्या गाडीला मागची सीट आहे की नाही, याबद्दल रुईकर कॉलनीत दोन मतं होती. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मते होती. ज्यांनी आत वाकून पाहिलं होतं त्यांच्या मते मागे कातड्याने मढवलेल्या दोन वाट्या होत्या आणि त्यांत दोन मध्यम आकाराची कलिंगडं आरामात बसली असती.

त्या दिवशी सकाळी डाव्या वाटीत कस्तुरी आवटे बसली होती. म्हणजे तिचं डोकं आणि एक खांदा बसला होता, उरलेली कस्तुरी दाराबाहेर होती. हातातला पाना खाली कुठेतरी अडकला होता. तो पाहायला तिला आणखी थोडं आत जायला हवं होतं, पण गाडी संपली होती.

"जमतंय का?" धैर्यशीलने बाहेरून विचारलं. गाडी त्याची. लाल, बसकी, इतकी बसकी की कॉलनीतली कुत्री तिच्याकडे वरून बघत. त्याने ती नोंदवली तेव्हा बाळाचा विचारही नव्हता. गाडी यायला इतका उशीर झाला की मधल्या काळात बाळाचा विचार झाला, बाळ झालं आणि बाळच आधी पोचलं.

"जमवतेय," आतून आवाज आला. "पण दादा, ही सीट नाही. ही समजूत आहे कंपनीची."

कस्तुरी जुळारी होती. हा शब्द काही वर्षांपूर्वी कुणाला माहीत नव्हता. लहान मूल ज्या गाडीतून जाणार, त्या गाडीत त्याचं आसन परवानाधारक माणसानेच जुळवलं पाहिजे असा कायदा झाला आणि जुळारी हा धंदा जन्माला आला. 'आमची पोरं मांडीवर बसून मोठी झाली' असं सांगणारे लोक तेव्हा गावोगावी पुष्कळ निघाले. ज्यांची झाली नाहीत, ते अर्थातच सांगायला आले नाहीत.

एव्हाना साध्या गाड्या ड्रायव्हरशिवाय आपोआप चालत होत्या. त्यांत जुळाऱ्याला फारसं काम नसे. कपाटात डबा ठेवावा तसं आसन ठेवायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. स्पोर्ट्स कारची गोष्ट वेगळी. ती अजून माणसं हाताने चालवत. त्यासाठी हस्तचालनाचा खास परवाना लागे, आणि तो मिळालेली माणसं तो पाकिटात न ठेवता बैठकीच्या खोलीत फ्रेम करून लावत. इंगवल्यांकडेही तो लावलेला होता. लग्नाचा फोटो त्याच्या थोडा खाली होता.

"मी काय म्हणतो," धैर्यशील म्हणाला, "पुढच्याच सीटवर लावलं तर? जागा पण ऐसपैस आहे."

कस्तुरी बाहेर आली. तिच्या गालावर शिवणीचा ठसा उठला होता. "पुढे एअरबॅग आहे. तान्हं बाळ पाठमोरं बसवतात, गाडीच्या पाठीकडे तोंड करून. म्हणजे धक्का बसला तर तो सगळ्या पाठीवर पसरतो, मानेवर येत नाही. पण पुढे ते आसन येतं बरोबर एअरबॅगच्या तोंडाशी. ती फुटली की बाळाच्या डोक्यामागून हातोडा घातल्यासारखं."

"बंद ठेवता येते की ती."

"येते. मग वहिनींनी मागच्या वाटीत बसायचं."

दोघांनी वाटीकडे पाहिलं.

"हे मी सुचवलं होतं असं तिला सांगू नका," धैर्यशील म्हणाला.

दुपारपर्यंत आसन बसलं. पुढची डावी सीट इतकी पुढे ढकलावी लागली की तिथे बसणाऱ्याने गुडघे आणि हनुवटी यांची ओळख करून घ्यावी. कस्तुरीने आसन धरून हलवून पाहिलं, गाडीच हलली, आसन हललं नाही. तिचं समाधान झालं.

"आता नीट ऐका," ती म्हणाली. "हे उबारा कंपनीचं ओळखीचं आसन आहे. याच्या कापडात धागे विणलेत, ते बाळाचं वजन, अंगाची ऊब, श्वासाची लय आणि मानेचा जोर ओळखतात. मान जेवढी कच्ची, तेवढी उशी वर येते, म्हणजे हनुवटी छातीवर पडून श्वास अडत नाही. आणि मान किती सोसेल ते आसन गाडीला कळवतं. गाडी त्याच्या पलीकडे जात नाही. वेग, वळण, ब्रेक, सगळं त्यात आलं. सरकारी परिपत्रकात त्याला मानमर्यादा म्हणतात."

"म्हणजे मी जोरात चालवायची म्हटली तरी…"

"ऐकणार नाही. बाळ बसलं की गाडी बाळाची."

धैर्यशीलने गाडीवरून हात फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा. "मान धरेपर्यंत म्हणजे रिक्षाच की ही."

"रिक्षा उंच असते. तर, आसन आता वाट बघतंय. पट्टा लावून पहिल्यांदा जे बसेल, त्याला ते आपलं बाळ धरणार आणि हिरवा दिवा लावणार. तेव्हा आजऱ्याला पोचलात की थेट बाळालाच बसवायचं. आधी पिशव्या नाहीत, नारळ नाहीत. आणि पट्ट्याच्या आत दुपटं गुंडाळायचं नाही, पट्टा सैल राहतो. दुपटं पट्ट्यावरून."

धैर्यशीलने मान डोलावली. त्याची बायको शाल्मली आणि अडीच महिन्यांची इरावती आजऱ्याला, शाल्मलीच्या माहेरी होत्या. त्यांना आणायला तो दुपारीच निघणार होता. पण त्याआधी गाडीची पूजा व्हायची होती, आणि पूजेचं तबक घेऊन त्याची आई खाली येतच होती.

इंदुमती इंगवले यांनी अर्ध्या कोल्हापूरला क्लच सोडायला शिकवलं होतं. इंदुमती मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असे. गाड्या आपोआप चालायला लागल्या, शाळा बंद झाली, ब्रेक गेला. तेव्हापासून घरातल्या बाकीच्या गोष्टी त्या तोंडाने थांबवत. कस्तुरीही त्यांचीच विद्यार्थिनी.

"कस्तुरे, अजून आरशात न बघताच गाडी मागे घेतेस म्हणे."

"आता गाडीच बघते, काकी."

"तेच. गाडीच बघते. पेढा घे."

कस्तुरी पेढा घेऊन आपल्या व्हॅनकडे वळली आणि हत्यारं आवरायला लागली. पूजांची तिला सवय होती. लोक आसनाला हळदकुंकू लावत, वर नारळ ठेवत. त्याने काही बिघडत नसे, कारण नारळाला पट्टा कुणी लावत नाही आणि पट्टा लागल्याशिवाय आसन जागं होत नाही.

इंदुमतींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि तबकातल्या तांबड्या वस्त्रातून बाळकृष्ण बाहेर काढला. रांगणारा, एक हात लोण्यासाठी पुढे केलेला, मुठीएवढा पितळी बाळकृष्ण. लग्नात माहेरहून तो त्यांच्याबरोबर सासरी आला होता. घरात नवीन काहीही आलं की पहिला मान त्याचा. फ्रिज आला तेव्हा तो फ्रिजमध्ये बसून आला होता, वॉशिंग मशीनच्या वेळी फक्त झाकणावर. आता त्यांनी त्याला आसनात बसवलं.

इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे होतं. पण इंदुमतींची आणखी एक रीत होती, ती कोणत्याही पोथीत नव्हती. त्यांच्या गाडीत बेल्ट लावल्याशिवाय आजवर कुणी बसलं नव्हतं, मामलेदार नाही, मामलेदाराची बायको नाही. हात आपोआप गेले. पाच टोकांचा पट्टा बाळकृष्णाच्या दोन्ही खांद्यांवरून आला, पोटावर कट्‌ वाजला, आणि इंदुमतींनी दोन बोटं आत घालून तो घट्ट आहे ना ते पाहिलं.

"नमस्कार," आसन म्हणालं. कंपनीने त्याला पोटभर झोप झालेल्या नर्सचा आवाज दिला होता. "हे तुमचं बाळ का?"

धैर्यशील बॉनेटपुढे घंटा वाजवत होता, त्याला यातलं काही ऐकू गेलं नाही. इंदुमतींना यंत्रांशी बोलायचा संकोच नव्हता. "माझंच," त्या म्हणाल्या. "पहिलं."

"बाळाचा श्वास जाणवत नाही. सगळं ठीक आहे ना?"

"सगळं ठीक आहे."

"बाळ नेहमी असंच असतं का?"

इंदुमतींनी बाळकृष्णाच्या तोंडाकडे पाहिलं. "नेहमी असंच," त्या मनापासून म्हणाल्या. "कधी कुरकुर नाही की काही नाही. कायम हसतमुख."

हिरवा दिवा लागला. आरती संपली. देवाला गाडीतून कॉलनीची एक फेरी मारून आणायचं ठरलं, आणि ती फेरी इतकी छान झाली की धैर्यशील देवाला पन्हाळा रोडलाही नेऊन आला. आल्यावर इंदुमतींनी बाळकृष्णाला पुन्हा वस्त्रात गुंडाळून नारळासकट पूजेच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवी घराच्या दाराजवळच्या खुंटीला अडकवली, कारण आजऱ्याला निघायला उशीर होत होता आणि डिंकाच्या लाडवांचा डबा अजून बांधायचा होता.

आजऱ्याला शाल्मलीने आसन पाहिलं, पुढची सीट पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं. "मी इथे बसायचंय?"

"तू सडपातळ आहेस."

"बाळंतपणानंतर हे तुला आजच सुचतंय."

इरावतीला तिने स्वतः पट्टे लावले, दुपटं वरून पांघरलं. "दिवा हिरवा लागला की झालं, असं जुळारी म्हणाली," धैर्यशील म्हणाला. दिवा हिरवाच होता. इतक्या लवकर कसा, असं कुणाला वाटलं नाही. चांगली बातमी लवकर आली की तिची चौकशी करायची पद्धत नाही.

सासरी निघालेल्या लेकीला आणि नातीला निरोप देताना आजऱ्याची मंडळी रडली. इरावती रडली नाही, ती झोपली होती. गाडी उत्तूरच्या वळणांना लागली आणि धैर्यशीलच्या लक्षात आलं की गाडी त्याचं ऐकते आहे.

त्याने वेग थोडा वाढवला. गाडी काही बोलली नाही. एक वळण त्याने जरा मोकळेपणाने घेतलं. गाडी नुसती घेऊ देत नव्हती, तिला ते आवडलं असावं. त्याला कस्तुरीचे शब्द आठवले. मग त्याच्या मनात आलं की कस्तुरी आपल्या आईची विद्यार्थिनी, ओळखीखातर काहीतरी सेटिंग दिलेलं दिसतंय. हे विचारायला फोन करावा असं त्याला वाटलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

"हळू चालव की," शाल्मली म्हणाली.

"गाडी चालवू देते म्हणजे चालतं. बाळाच्या मानेचा हिशोब तीच करते. तू बघ, एक शब्द तरी बोलली का?"

मागून इरावतीचा आवाज आला. जागी झाली असावी, आधी कुरकुर, मग रडणं. शाल्मलीने वळून पाहायचा प्रयत्न केला. गुडघे आड आले, आणि पाठमोऱ्या आसनाची तिला फक्त पाठ दिसली. समोरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं होती: बाळ स्थिर. सर्व ठीक.

"स्थिर?" शाल्मली म्हणाली. "बोंबलतेय ती."

"मशीनच्या भाषेत स्थिरच असेल."

गाडीने एक लांब वळण घेतलं. रडणं थांबलं.

लहान मूल रडायचं थांबलं की बापाला बरं वाटतं आणि आईला वाटत नाही, हे शाल्मलीने अजून कुठे वाचलं नव्हतं. तिने पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांवर बोट टेकवलं. खाली तपशील उघडला.

हालचाल: नाही. श्वास: नाही. रडणे: नाही. नेहमीप्रमाणे.

"गाडी थांबव," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून धैर्यशीलने लगेच थांबवली.

ती दारातून जवळजवळ घसरून बाहेर पडली, सीट पुढे लोटली आणि आत वाकली. इरावतीची मान पुढे पडली होती, हनुवटी छातीला टेकलेली. मानेमागची उशी तळाशी सपाट पडून होती, वर आलीच नव्हती. चेहऱ्याचा रंग चांगला नव्हता. शाल्मलीने हनुवटीखाली बोटं घालून डोकं हळूच मागे केलं. एक क्षण काही झालं नाही. मग इरावतीने श्वास ओढला, तोंड वाकडं केलं आणि संबंध उत्तूर परिसराला ऐकू जाईल अशी रडली. तिचा बाप रस्त्याच्या कडेला, एका मैलाच्या दगडावर जाऊन बसला.

पडदा म्हणत होता: सर्व ठीक.

इरावतीला आधी जवळच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे पाहिले, बाळ ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि बापालाही खुर्ची दिली. पुढचा प्रवास आपोआप चालणाऱ्या एका मोठ्या भाड्याच्या गाडीतून झाला. लाल गाडी धैर्यशीलने मागून एकट्याने आणली, आणि ती कितीही वेगाने जायला तयार असताना रिक्षासारखी आणली.

पुढचे काही दिवस घरात त्या गाडीचं नाव कुणी काढलं नाही. कस्तुरी परगावी होती. ती परतली तशी थेट रुईकर कॉलनीत आली. खाली पार्किंगमध्ये आसनाला तिने आपला वाचक लावला. वाचक म्हणजे जुळाऱ्याची पाटी, आसनाच्या मनात काय आहे ते तिच्यावर उमटतं. ती वाचत राहिली. शाल्मली इरावतीला खांद्यावर घेऊन उभी होती, इंदुमती गाडीच्या दाराशी, धैर्यशील जरा लांब.

"याला एक बाळ माहीत आहे," कस्तुरी हळूहळू म्हणाली. "वजन अगदी कमी. अंग गार. श्वास नाही. मान…" ती थांबली. "मानेला मर्यादाच नाही. याच्या मते या बाळाची मान कितीही जोराच्या धक्क्याने हलत नाही. काकी, पूजेच्या वेळी इथे नारळ ठेवला होता का पट्टा लावून?"

"नारळाला कशाला पट्टा लावू," इंदुमती म्हणाल्या. मग त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं. "बाळकृष्णाला लावला होता."

"पण इरावतीचं वजन केवढं तरी जास्त," धैर्यशील म्हणाला. "ते नाही कळलं त्याला?"

"कळलं. वजनवाढ उत्तम, असं म्हणून त्याने बाळाचं अभिनंदन केलंय."

"आणि श्वास? ती रडत होती," शाल्मली म्हणाली.

"हे बाळ हलत नाही असं त्याला एकदा पटलं ना, की मग जे हलतंय ते रस्त्याचं. जो आवाज येतोय तो गाडीचा. तेवढं ते गाळून टाकतं. इरावतीचा श्वास त्याला लागला होता, वहिनी. पण तो त्याने कचरा म्हणून टाकला."

"श्वास नसलेलं बाळ त्याने मान्यच कसं केलं?"

"आधी करत नव्हतं. पण आपल्याकडे बाळावर दुपटं, टोपडं, वरून शाल. धाग्यांना श्वास लागायचा नाही आणि आसन भररस्त्यात ठणाणा करायचं. लोकांनी तक्रारी केल्या. मग कंपनीने सुधारणा केली. घरातल्या मोठ्या माणसाने दोनदा सांगितलं की सगळं ठीक आहे, तर ऐकायचं."

"याला सुधारणा म्हणतात?"

"जाहिरातीत तसंच आहे. कुटुंबाचं ऐकणारं आसन." कस्तुरीने वाचक खाली ठेवला. "चूक माझीही आहे. मी पेढा खात होते. पट्टा वाजलेला मला ऐकू यायला हवा होता."

"पुसून टाका ते सगळं," धैर्यशील म्हणाला.

"मला पुसता येत नाही. कुणालाच येत नाही. मागे काही लोकांनी अपघातानंतर मुलांच्या ओळखीच पुसल्या, मूल गाडीत नव्हतंच म्हणाले. तेव्हापासून नियम आहे, एकदा ओळखलेलं बाळ गुपचूप नाहीसं करता येत नाही. आसन बदललं तरी ओळख गाडीत राहते. ज्याने बाळ आपलं म्हणून सांगितलं, त्यानेच आपल्या तोंडाने सांगायचं की ते बाळ नव्हतं." ती इंदुमतींकडे वळली. "एवढंच वाक्य, काकी. ते बाळ नव्हतं."

इंदुमतींनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"आई," धैर्यशील म्हणाला, "सांग की."

"नाही."

"आई, पितळेची मूर्ती आहे ती."

"तुझे वडील होते तोवर त्याला या घरात कुणी मूर्ती म्हटलं नाही." इंदुमतींचा आवाज गाडी शिकवतानाचा होता, सपाट. "तू फार उशिरा झालास, धैर्या. तोवर लोक मला काय काय म्हणायचे ते तुला माहीत नाही, आणि कळून उपयोगही नाही. रोज सकाळी मी त्याला न्हाऊ घालायची, अंगडं घालायची. घरात कुणीतरी आहे, ज्याचं मला करावं लागतं, असं वाटायचं. आता त्याच्या तोंडावर मी ते बाळ नव्हतं म्हणू?"

"मग इरावती?" धैर्यशीलचा आवाज चढला. "ती या गाडीतून कधीच जायची नाही का?"

"तुझी गाडी विक."

"गाडीचं नाही बोलत मी."

"थोडंसं बोलतोयस," शाल्मली म्हणाली. "तुला वळणावर कळलं होतं काहीतरी चुकतंय. सुसाट चालली होती म्हणून विचारलं नाहीस. तेव्हा आईंना बोलू नकोस." ती कस्तुरीकडे वळली. "ओळखलेलं बाळ सुटतं कसं? खोटं ठरवायचं सोडून दुसरी काहीच वाट नाही? मुलं मोठी होतात ना. तेव्हा आसन काय करतं?"

"तेव्हा सोपं असतं. आईबाप सांगतात की मूल मोठं झालं, आता याला आसन लागत नाही. आसन निरोप घेतं आणि रिकामं होतं."

इरावतीने आजीचा चष्मा धरायला हात पुढे केला. मूठ हवेतच उघडली आणि मिटली.

इंदुमती खाली वाकल्या, आसनाच्या पट्ट्यावर हात ठेवला.

"नमस्कार," आसन म्हणालं. "काय सांगायचं आहे?"

"माझ्या पहिल्याबद्दल."

"सांगा."

"तो मोठा झाला. केव्हाच झाला असणार. माझ्या लक्षात आलं नाही. आता त्याला हे आसन लागत नाही. इथे त्याची पुतणी बसेल."

वाचकावरची अक्षरं सरकली. आसनातून बारीक सुस्कारा निघाला, कापड सैल पडलं, हिरवा दिवा मालवला.

"अभिनंदन," आसन म्हणालं. "एक बाळ सुखरूप मोठं झालं. आसन पुढच्या बाळाची वाट पाहत आहे."

शाल्मलीने इरावतीला ठेवलं. पट्टा लावताना तिचा हात इंदुमतींनी धरला, आणि कट्‌ दोघींच्या बोटांखाली वाजला. कापड हळूहळू बाळाभोवती मिटत आलं. मानेमागून उशी फुगून वर आली, हनुवटी छातीपासून सुटली. दिवा पिवळा झाला आणि बराच वेळ पिवळाच राहिला. या वेळी घाई कुणालाच नव्हती.

"श्वास मिळाला," आसन म्हणालं. "मान कच्ची आहे. बाळ कुरकुर करत आहे. नेहमी असंच असतं का?"

"नेहमी असंच," शाल्मली म्हणाली. हसताना तिचे डोळे भरले होते.

हिरवा लागला. पुढच्या पडद्यावर मानमर्यादा उमटली. धैर्यशीलने ती वाचली. "रिक्षा," तो म्हणाला.

"मीटर टाक," शाल्मली म्हणाली.

कस्तुरी वाचक पिशवीत ठेवायला लागली, तेवढ्यात आसन पुन्हा बोललं. आवाज तोच होता, झोप झालेल्या नर्सचा, पण थोडा थांबत थांबत, शब्द निवडून बोलल्यासारखा.

"पहिल्या बाळाबद्दल एक विचारायचं राहिलं."

"विचार," इंदुमती म्हणाल्या.

"ते कधीच रडलं नाही. त्याचं अंग गार होतं. त्याने काही मागितल्याची एकही खूण नाही. मोठं होईपर्यंत त्याला कुणी वेळच्या वेळी जवळ घेत होतं ना?"

कस्तुरीने वाचक पुन्हा बाहेर काढला. पाटीवर काही नव्हतं. कंपनीने आसनाला शिकवलेले सगळे प्रश्न तिला पाठ होते, आणि हा त्यांत नव्हता.

इंदुमतींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्यांनी वर, आपल्या मजल्याकडे पाहिलं. इरावती घरी आल्यापासून सकाळ तिच्या तेलपाण्यात, शेकात आणि धुरीत जात होती. देवांना आंघोळ घालायचं आणि दिवा लावायचं काम त्यांनी धैर्यशीलवर सोपवलं होतं. तो अंघोळीचं पाणी सगळ्या देवांवर मिळून एकदाच शिंपडायचा आणि दिव्याकडे बघायचा, देवांकडे नाही. बाळकृष्णाला शेवटचं त्यांनी हातात घेतलं ते याच आसनातून उचलताना. तांबड्या वस्त्रात गुंडाळलं, नारळाशेजारी ठेवलं आणि लाडवांचा डबा बांधायला गेल्या.

"हो किंवा नाही म्हणा," आसन म्हणालं.

"धैर्या," इंदुमतींनी हळू आवाजात विचारलं, "ती खुंटीवरची पूजेची पिशवी उघडली का रे कुणी?"